रद्द पत्र्याचा ठसा

(पॅरिस, १९७३. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रं छापायचा आन्सेल्मचा छापखाना. सकाळचे दहा वाजलेत. चौऱ्याहत्तर वर्षांची चित्रकार एर्मीन केर्वेला प्रेसला टेकून उभी आहे. छापणाऱ्या आन्सेल्मच्या हातात नुकताच निघालेला ओला कागद.)

एर्मीन : झाकू नकोस म्हटलं ना! राहू दे उघडा.

आन्सेल्म : ओला आहे, मादाम. धूळ बसेल.

एर्मीन : बसू दे. जरा दिव्याखाली धर. असा नाही रे, वर. अजून वर.

आन्सेल्म : रद्द केलेल्या पत्र्याचा ठसा आहे हा. पुरावा म्हणून फायलीत जायचा. ह्याच्याकडे एवढं कोण बघतं?

एर्मीन : मी बघतेय. आणि तूही बघतोयस. मघाशी चष्मा कशाला शोधत होतास?

आन्सेल्म : डोळे गेले आता. वय झालं.

एर्मीन : चौदा दिवसांत चाळीस कागद काढलेस, तेव्हा नाही लागला तो चष्मा.

आन्सेल्म : ते चाळीस हाताला पाठ झाले होते.

एर्मीन : अगदी बरोबर! मलाही पाठ होते. पत्रा हातात घ्यायच्या आधीपासून पाठ होते. तीन काळे पट्टे, मधे एक फट. झोपेत सांगितलं असतंस तरी कोरून दिले असते.

आन्सेल्म : चांगलं चित्र होतं ते, मादाम.

एर्मीन : छप्पन साली चांगलं होतं. आता खालची दूधवालीसुद्धा मला पट्टेवाली मादाम म्हणते.

आन्सेल्म : एक विचारू? रागावू नका.

एर्मीन : रागावेन. विचार.

आन्सेल्म : मी तुमच्या हातात पट्टी दिली होती. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक रेघ. ठरलेले चाळीस निघाले, पत्रा रद्द, पुढे कुणी चोरून छापू नये म्हणून रेघ. एवढंच काम. तीस वर्षं तुम्ही गुपचूप तशी रेघ मारत आलात. आज पट्टी फेकलीत.

एर्मीन : फेकली नाही. हातातून पडली.

आन्सेल्म : खिडकीपाशी जाऊन पडली?

एर्मीन : बरं बाबा, फेकली! काय सांगू तुला. पत्रा पुढ्यात ठेवलास, त्या तीन पट्ट्यांकडे बघितलं. वाटलं, ही बाई कोण? मेलेल्या बाईचं चित्र छापतायत हे लोक, आणि सही करायला मला बोलावलंय. मग कोरायची सळई उचलली. पुढचं मला आठवत नाही.

आन्सेल्म : मला आठवतं. खालून सुरुवात केलीत, डावीकडून. दोन्ही हातांनी. पहिला पट्टा कापलात, दुसरा कापलात, तिसऱ्याशी थांबलात. मला वाटलं संपलं. मग सळई तिथल्या तिथे वळवलीत आणि मागे खेचलीत. तांबं किंचाळलं. मी दाराकडे बघितलं, म्हटलं शेजारचे येतायत आता.

एर्मीन : सतरा वर्षांत पहिल्यांदा हात माझ्या पुढे गेला, आन्सेल्म. मला न विचारता.

आन्सेल्म : दिसलं मला.

एर्मीन : ह्या रेघेचा काळा बघ. बाकीच्या काळ्यापेक्षा वेगळा आहे.

आन्सेल्म : कड आहे ती. इतकी खोल ओढलीत की तांबं दोन्ही बाजूंना उभं राहिलं. त्या कडेनं शाई धरून ठेवली, म्हणून असा मऊ दिसतोय. बोट लावावंसं वाटतं.

एर्मीन : लावलंस ना?

आन्सेल्म : पत्र्याला लावलं. कागदाला नाही.

एर्मीन : ह्याचे काढ.

आन्सेल्म : काय काढू?

एर्मीन : ठसे. ह्या पत्र्याचे, असाच, रेघेसकट. चाळीस काढ. ते आधीचे जाऊ देत खड्ड्यात.

आन्सेल्म : नाही.

एर्मीन : नाही म्हणजे?

आन्सेल्म : रद्द झालेला पत्रा माझ्या प्रेसवर पुन्हा चढत नाही. पुराव्याचा एक ठसा निघतो, झालं. सासऱ्यांनी छापखाना हातात दिला तेव्हा ह्या एका गोष्टीवर मला शपथ घ्यायला लावली होती. ह्या गल्लीत दुसरे काय काय करतात ते मला माहीत आहे. माझ्याकडे होत नाही.

एर्मीन : अरे, पत्रा माझा, रेघ माझी, मी जिवंत तुझ्यासमोर उभी आहे आणि सांगतेय.

आन्सेल्म : तुम्ही आहात म्हणून नाही म्हणतोय. दुसऱ्या कुणाला तर दाराबाहेर काढलं असतं. आणि चाळीस निघणारही नाहीत, मादाम. ती कड नाजूक असते. दहाव्या कागदाला चेपेल, विसाव्याला रेघ नुसता ओरखडा दिसेल.

एर्मीन : मग दहा काढ.

आन्सेल्म : एकही नाही.

एर्मीन : गाढव आहेस.

आन्सेल्म : असेन. आता झाकू का कागद?

एर्मीन : हात लावून बघ!

तिबो : (प्रकाशक तिबो राव्हनेल दारातून आत येतो.) काय, कोण कुणाला मारतंय? जिन्यापर्यंत आवाज येतोय तुमचा! मादाम एर्मीन, आज किती छान दिसताय तुम्ही.

एर्मीन : ये तिबो. शाई लागलीय सगळीकडे, तुझे नवे हातमोजे सांभाळ.

तिबो : प्रकाशकाला शाईची भीती वाटून कसं चालेल? हे बघा, पेन्सिली आणल्यात. सहा, सगळ्या टोक काढलेल्या. चाळीस सह्या, तासाभराचं काम, आणि एक वाजता जेवायला टेबल सांगून ठेवलंय. कालवं येणार आहेत आज ताजी, तुमच्या ब्रिटनीच्या किनाऱ्याची. आन्सेल्म, तूही चल. कुठे आहेत आपले चाळीस?

आन्सेल्म : फळ्यांखाली दाबून ठेवलेत, मस्यू राव्हनेल. वाळलेत.

तिबो : वा. आणि पत्रा? रद्द झाला?

आन्सेल्म : झाला.

तिबो : हा पुराव्याचा ठसा का? अरे बापरे. मादाम, तुम्ही तर खूनच केलात! ठीक आहे, निदान कुणी शंका घेणार नाही. वाळला की दे मला, फायलीला लावतो.

एर्मीन : तो फायलीत जाणार नाही.

तिबो : मग कुठे जाणार?

एर्मीन : भिंतीवर. मार्चमधल्या प्रदर्शनात. तो एकटाच. त्या चाळीसांवर मी सही करणार नाही.

तिबो : तुमची ही थट्टा मला नेहमी उशिरा कळते.

एर्मीन : थट्टा नाही. आन्सेल्मला विचार, मघापासून त्याचं डोकं खातेय मी.

तिबो : मादाम, जरा बसूया का? हे समजून घ्या. चाळीस गिऱ्हाइकं आहेत. त्यांना काय मिळणार हे कॅटलॉगमध्ये छापून गेलंय, चित्रासकट. काळे पट्टे, राखाडी फट. त्यासाठी ही माणसं थांबलीत. ही तुमची ओळख आहे.

एर्मीन : ओळखपत्र पर्समध्ये आहे माझ्या. त्यांना दाखव.

तिबो : अकरा वर्षांनी तुम्हाला एकटीची भिंत मिळतेय. कुणाकुणाच्या पाया पडलोय त्यासाठी, ते सांगत बसत नाही. आणि त्या भिंतीवर तुम्ही हे टांगणार? खोडलेला पत्रा? लोक म्हणतील म्हातारीला चित्र जमलं नाही म्हणून काट मारली.

एर्मीन : म्हणू देत की. खरंच आहे ते. जमलं नव्हतं, म्हणून काट मारली.

तिबो : बाबा असते तर...

एर्मीन : तुझ्या बापाचं नाव काढू नकोस हं! तुला मी अर्ध्या चड्डीत बघितलंय, त्यांच्या टेबलाखाली बसून रंगाच्या नळ्या चावायचास. माझं पहिलं चित्र त्यांनी हातात घेतलं, सरळ धरलं, उलटं धरलं, आणि म्हणाले, मला काही कळलं नाही, पण आज झोप लागायची नाही. तू गेल्या वर्षी काय म्हणालास? जुन्यासारखं काहीतरी द्या. म्हणालास की नाही?

तिबो : म्हणालो. आणि तुम्ही हो म्हणालात.

एर्मीन : म्हटलं हो. लाज वाटते त्याची. अकरा वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तू विचारलंस, मी विरघळले. घाबरले होते रे, दुसरं काय. वाटलं, नवीन काही दिलं आणि नकोच म्हणाले तर?

तिबो : त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बरं, असं करूया. आज ह्या चाळीसांवर सह्या करा. पुढच्या वर्षी आपण नवा पत्रा घेऊ, त्यावर तुम्ही अशीच रेघ मारा. अगदी अशीच. लोकांना हळूहळू सवय लावू.

एर्मीन : अशीच! अशीच म्हणता म्हणता माझी सतरा वर्षं गेली, तिबो. अशीच रेघ पुन्हा मारली की तिचाही पट्टा होतो.

तिबो : मग मला सरळ बोलावं लागेल. चाळीस काढायच्या आधी तुम्ही पहिल्या कागदावर मंजुरी लिहून दिली होतीत. 'छापावे', आणि खाली सही. त्याच्याशी ताडून आन्सेल्मनं चाळीस काढले. म्हणजे चित्र पसंत आहे असं तुम्हीच लिहून दिलंय. आता ते मागे घेता येत नाही. आन्सेल्म, तो मंजुरीचा कागद तुझ्याकडे असेल.

आन्सेल्म : आहे. खणात.

तिबो : काढ जरा. मादामना स्वतःचं अक्षर दाखवू.

एर्मीन : काढ, काढ. मीही बघते कसली शुद्ध होती मला त्या दिवशी.

आन्सेल्म : हा घ्या.

तिबो : इकडे दे.

आन्सेल्म : तुम्हाला नाही, मस्यू. मंजुरीचा कागद छापणाऱ्याचा असतो. विकायचा नसतो, मागायचाही नसतो. त्या खणात असे एकशेबारा आहेत माझे. मादाम, हा तुम्ही घ्या.

तिबो : आन्सेल्म, काय करतोयस तू?

आन्सेल्म : त्यांच्या अक्षरातलं आहे, ते खोडायचं तर त्यांनीच खोडायला हवं. पेन्सिल तुम्ही आणलीच आहे.

तिबो : तू ह्यात पडू नकोस. तुझं काम छापायचं.

आन्सेल्म : तेच सांगतोय. छापलेत मी. चाळीसच्या चाळीस एकाच्या शेजारी एक ठेवा, भिंग लावा, फरक काढून दाखवा, उद्या छापखाना बंद करतो. पण चौदा दिवसांत मला एकदाही हातातला कागद थांबून बघावासा वाटला नाही. आज सकाळी प्रेसवरचा नमदा उचलला, हा ठसा बघितला, आणि पाय हलेनात. एकवीस वर्षांचा होतो तेव्हा असं व्हायचं.

एर्मीन : आणि मघाशी मला म्हणालास डोळे गेले!

आन्सेल्म : तुम्ही चाळीस मागत होतात, मादाम. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐंशी मागितले असते.

तिबो : छान. जोडी छान जमलीय. आन्सेल्म, वर्षातले निम्मे पत्रे तुझ्याकडे कुठून येतात?

आन्सेल्म : तुमच्याकडून.

तिबो : आता येणार नाहीत. तुझ्या दोन प्रेसपैकी एकीवर आजच चादर घाल. आणि मादाम, मार्चमध्ये त्या भिंतीवर दुसऱ्या कुणाला तरी लावावं लागेल. पंचवीस जण रांगेत आहेत. मला वाईट वाटतंय, खरंच. पण मंजुरी खोडलीत तर माझा इलाज नाही.

एर्मीन : पेन्सिल दे.

तिबो : विचार करा. उद्यापर्यंत करा. तुमचं वय चौऱ्याहत्तर आहे. ही भिंत पुन्हा मिळायची नाही.

एर्मीन : तेच तर. चौऱ्याहत्तर आहे. अजून किती वेळ भ्यायचं मी? दे ती पेन्सिल.

तिबो : ही घ्या.

एर्मीन : हे 'छापावे' खोडलं. आणि इथे लिहिते, 'छापू नये. केर्वेला.' वाच, नीट लागतंय ना अक्षर?

तिबो : लागतंय.

एर्मीन : तुझा कागद वाया गेला त्याबद्दल वाईट वाटतंय. कोरे चाळीस पाठवून देईन.

तिबो : मला कोरे कागद नकोत. तो पुराव्याचा ठसा द्या. नियमानं तो माझ्या फायलीचा आहे.

आन्सेल्म : पुरावा कशाचा, मस्यू? चाळीस निघाले आणि एक्केचाळिसावा निघणार नाही, ह्याचा तो पुरावा. चाळीसच उरले नाहीत, तर फायलीत काय लावणार?

तिबो : तू वकिलाकडे नोकरी करायला हवी होतीस.

आन्सेल्म : दोन प्रेसपैकी एक बंद पडली की बघतो.

तिबो : मादाम एर्मीन, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सोडताय?

एर्मीन : तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. रात्र रात्र स्वप्नं बघितलीत त्या भिंतीची. काय काय घालायचं, कुठे उभं राहायचं, तेसुद्धा ठरवलं होतं. जा तू. कालवं थांबलीत तुझी.

तिबो : येतो.

एर्मीन : तिबो, दार ओढून घे. वारा येतोय कागदावर.

आन्सेल्म : गेला.

एर्मीन : गेला. खुर्ची दे रे मला. 

आन्सेल्म : बसा. पाणी देऊ?

एर्मीन : पाणी नको, तुझ्या त्या रसायनांच्या मागे बाटली लपवलेली असते ती दे. आणि ऐक. चाळीस गेले, म्हणजे पत्रा रद्द करायचं कारणच गेलं. म्हणजे तो रद्द नाहीच! आता काढायला काय हरकत आहे? फक्त पाच.

आन्सेल्म : नाही.

एर्मीन : तूच आत्ता त्याला म्हणालास ना!

आन्सेल्म : त्याला फायलीचं सांगितलं. रेघ मारलीत तेव्हा मी साक्षीला होतो. माझ्या लेखी पत्रा संपला. मी शब्द मोडला तर उद्या त्याच्यात आणि माझ्यात काय फरक?

एर्मीन : दोन?

आन्सेल्म : हा एकच, मादाम. जगात एकच.

एर्मीन : हट्टी आहेस. बायको कशी राहिली तुझ्यापाशी?

आन्सेल्म : तीही हेच विचारते. मादाम, ते चाळीस. त्यांचं काय करायचं?

एर्मीन : फाडायचे.

आन्सेल्म : आजच?

एर्मीन : आत्ता. घरात राहिले तर महिन्याभरात मी मऊ पडेन. घरभाडं आलं, थंडी वाढली, तिबोनं गोड चिठ्ठी पाठवली, की बसेन सह्या करत. मी मला ओळखते. आण इकडे.

आन्सेल्म : एखादा ठेवायचा का? माझ्यापुरता. सही नको, काही नको. आतल्या खोलीत लावला असता.

एर्मीन : तुझ्यापुरता?

आन्सेल्म : चौदा दिवस, मादाम. प्रत्येक कागदाआधी पत्रा तळव्यानं पुसलाय.

एर्मीन : तुझं काम मी फाडतेय, हे माझ्या लक्षातच आलं नाही रे. तिबोवर ओरडत बसले. तुझ्या दोन आठवड्यांचं काय, तुझ्या प्रेसचं काय, एका शब्दानं विचारलं नाही तुला.

आन्सेल्म : विचारलं असतंत तर घोटाळा झाला असता. विचारात पडलो असतो.

एर्मीन : ठेव तू. एक ठेव. तुझा हक्क आहे.

आन्सेल्म : नाही. एक राहिला तरी 'छापू नये' खोटं ठरतं. बरोबर आहे तुमचं. ही बाजू तुम्ही धरा. कागद जाड आहे, असा सहज नाही फाटायचा. आधी थोडं मुडपा, मग ओढा. हं.

एर्मीन : आवाज काय होतोय!

आन्सेल्म : चांगला कागद असाच ओरडतो. दुसरा. ओढा.

एर्मीन : ह्याच्या कोपऱ्यात तू आकडा लिहिलायस.

आन्सेल्म : सगळ्यांवर आहे, मागच्या बाजूला. धरा हा. हा सातवा, ह्याला पाणी जरा जास्त झालं होतं. हा आठवा. ओढा. तुमचे हात दुखत असतील तर थांबू.

एर्मीन : थांबायचं नाही.

आन्सेल्म : एकविसावा. बाविसावा. मादाम, हा बघता का एकदा? तेविसावा. त्या दिवशी हवा कोरडी होती, शाईही मनासारखी मळली गेली होती. सगळ्यांत चांगला निघाला हा.

एर्मीन : बघू. दिव्याखाली धर. खरंच रे. काय सुंदर छापलायस.

आन्सेल्म : माहीत आहे मला. धरा.